चाळीस साखळ्या

सेलूत रात्री सव्वाअकराला
गच्चीवरच्या टाकीला पाठ लावून बसलं
की फोनला दोन दांड्या रेंज मिळते.
म्हणून मी इथं, मच्छर अगरबत्ती दोन पायांच्या मधी,
आणि समोर साडेसहा इंचांत
एक अख्खा समुद्र.

सतरावा होल. चारशे चाळीस यार्ड.
यार्ड म्हटलं की लोक गोंधळतात, मी नाही.
बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली:
तेहतीस फुटांची एक साखळी,
म्हणजे झाल्या बरोबर चाळीस,
ना आणा कमी, ना आणा जास्त.
एवढ्या लांबीत आमच्याकडं दोन भाऊ, एक विहीर
आणि तीन पिढ्यांची केस मावते.
इथं एक चेंडू मावत नाही.

डावीकडं कडा, कड्याखाली पाणी.
उजवीकडं पांढऱ्या खुंट्या,
त्यांच्या पलीकडं गेलं की दंड.
या खुंट्या मला फार आवडतात.
रात्रीतून कुणी सरकवत नाही त्यांना,
सकाळी कुणी शपथ घेत नाही
की साहेब, दगड पहिल्यापासून इथंच होता.

मुजीब ह्या मैदानाला ससुराल म्हणतो:
गेलात की काहीतरी देऊनच परतता.
मानवतला दस्त लिहितो तो, खेळ त्यानंच शिकवला,
आणि गुरुवारी ह्याच होलवर अकरा घेऊन
स्पर्धेतून बाहेर पडला.
मघाशी त्याचा आवाज आला फोनवर,
"झंडे कू मत देखो साब, हवा कू देखो."

हवा एकोणीस. बाण डावीकडं.
गच्चीवर पान हलत नाही,
मे महिना, टाकीची भिंत अजून तापलेली,
तरी मी अंगठा उजवीकडं नेतो
जो वारा इथं नाही त्याच्यासाठी.

आणि घामानं अंगठा घसरतो.

पाण्याचा आवाज मात्र छान केलाय लेकाच्यांनी.
टँकरची तोटी पूर्ण सोडली तरी
आमच्याकडं इतकं पाणी वाजत नाही.

पुन्हा टी. पुन्हा तोच कडा, तोच आवाज.
यादीत मी एकतिसावा होतो,
वर कुणी फिनलंडचा, खाली कुणी जपानचा,
त्यांना काय माहीत
"मोजणी_सेलू" म्हणजे कोण, कुठला,
आणि तो आत्ता स्वतःला काय शिवी देतोय.

बॅटरी चौदा टक्के.
मग मी कड्याचा नाद सोडला.
मोजणीत घाई झाली की साखळी ढिली पडते
आणि ढिली साखळी कागदावर जमीन वाढवते,
शेतात नाही.
चौदा साखळ्या. थांबलो. आणखी चौदा.
मग बारा, आणि चेंडू हिरवळीवर
एखाद्या पाहुण्यासारखा कडेकडेनं बसला.

हिरवळीवर मण्यांची जाळी आहे,
मणी ओघळतात तिकडं उतार.
हे मला कुणी शिकवायला नको.
वालूरच्या शिवारात डोळे बारीक करून उभा राहायचो
आणि पाणी कुठून फुटेल ते सांगायचो
आभाळात काही नसताना.
बारा फूट. उतार डावीकडं, एक बोटभर.

चेंडू गेला, काठावरून अर्धा फिरला
आणि थांबला. तिथंच.
बघत राहिलो, जसं बघितल्यानं पडेल.

नऊ.
मुजीबला तेवढंच लिहिलं.
लगेच उलट आलं, झोपला नव्हता बहुतेक,
"मुबारक. हमसे दो कम."

एकतीसचा अठ्ठावन्न झालो.
अगरबत्तीची राख पडली पायावर.
मान वर केली तर समोर कुलथ्यांची भिंत,
माझ्या हद्दीत चार बोटं आत.
ती उभी राहिली त्या दिवशीच दिसलं होतं मला,
साखळी न लावता.
अजून बोललो नाही.
त्यांच्या खिडकीत पंखा फिरतोय, पोरगं परीक्षेचं वाचतंय.

बॅटरी सहा. अठरावा होल उघडला.
बाण उजवीकडं वळलाय.